तिवरांची मुदतवाढ

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. परवानगीची मुदत संपते, तशी दिलेल्या शब्दाची मुदत संपते का? माना डोलवू नका, आधी गोष्ट ऐका.

खाडीकाठचं एक गाव. नाव विचारू नका, पाहुणे निघतील कुणाचे तरी. पलीकडे दवाखाना, मध्ये पाणी, म्हणून पूल मंजूर झाला. दिल्लीहून पर्यावरणाची परवानगी आली, दोन अटी घालून. तोडाल त्याच्या तिप्पट तिवरं, म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं, लावा, आणि रस्त्याच्या भरावाखाली मोऱ्या ठेवा, भरतीचं पाणी जायला-यायला. पूल बांधणाऱ्या कंपनीचे सबनीस साहेब म्हणाले, "शंभर टक्के." मंडळी, शंभर टक्के म्हणणाऱ्या माणसापासून जपून राहावं.

वर्षं गेली. तिवरं तोडली, भराव घातला, खांब उभे राहिले अर्धे. मोऱ्या? राहून गेल्या. तिवरं? तीही लावायची राहून गेली. उधाण आलं की काठावरच्या खारवीवाडीत पाणी शिरायचं आणि भरावामुळे तिथंच बसायचं. चुली पाण्यात, माणसं माळ्यावर.

आणि परवानगी संपत आली! मुदतवाढीसाठी दिल्लीची समिती पाहणीला येणार. आता सबनीसांना निसर्ग आठवला. सगळ्या गावाला कामाला लावलं – तिवरांच्या फांद्या तोडा आणि चिखलात रोवा. झाड तोडून झाडं लावली, मंडळी. असं वृक्षारोपण देवालाही सुचलं नसतं.

सरपंच होत्या शालन तोडणकर. त्या म्हणाल्या, "हे बरं नाही." तेव्हा त्यांचा दीर बाबल पुढं झाला. त्याची सून दवाखान्यात नेताना होडीतच बाळंत झाली होती, पोर हाताला लागलं नव्हतं. तो म्हणाला, "वहिनी, एक दिवस गप्प बस. मुदतवाढ नाही मिळाली तर पूल असाच राहील. आणखी किती पोरं खाडीत घालवायची?"

हे ऐकून तुम्ही काय केलं असतं? सांगा. शालनताई गप्प बसल्या. फांद्याही रोवल्या त्यांनी.

समिती सकाळी ओहोटीला यायची होती. पण सबनीसांनी आधी जेवायला बसवली. सुरमई, सोलकढी, पुन्हा सुरमई. जेवण लांबलं, आणि समिती काठावर आली तेव्हा भरती लागलेली. पाणी चढलं, फांद्या हलल्या, आणि अख्खं जंगल सुटून समितीच्या स्वागताला तरंगत आलं.

समितीनं काय केलं? आभाळाकडं पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "वारा बराच आहे इथं." सबनीस म्हणाले, "खाडीचा वारा, साहेब." एक फांदी अध्यक्षांच्या बुटाला लागली, त्यांनी पाय मागं घेतला.

मग काठावरच गावाला बसवून अध्यक्षांनी विचारलं, "गावाची काही तक्रार?" बाबल वहिनीकडं बघतोय. शालनताई उठल्या. म्हणाल्या, "ही झाडं काल आम्हीच रोवली. मीसुद्धा. पूल आम्हाला पाहिजेच, साहेब. पण मोऱ्यांशिवाय झाला तर खारवीवाडी बुडेल. एक जीव वाचवायला दुसरा बुडवू नका."

दिसलेलं न दिसल्यासारखं करता येतं, मंडळी. भर सभेत ऐकलेलं न ऐकल्यासारखं करणं जड जातं. मुदतवाढ मिळाली, पण आधी मोऱ्या, आधी तिवरं, मग पूल.

पूल दोन वर्षं उशिरा झाला. त्या दोन वर्षांत शालनताईंना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. निवडणुकीत पडल्या. बाबलनं बोलणं टाकलं. एकदा फक्त दारात येऊन म्हणाला, "तुझं खरं होतं, वहिनी. पण मला ते परवडणारं नव्हतं." त्यांनी त्याला आत बोलावलं. तो आला नाही.

पुढच्या आषाढात मोठं उधाण आलं. मोऱ्यांतून पाणी आलं तसं गेलं. खारवीवाडीत एकही चूल विझली नाही. गाव हरखलं, सत्कार ठेवला. कुणाचा? सबनीस साहेबांचा. शाल, श्रीफळ, आणि हातात तिवराचं रोप. शालनताई मागं उभ्या होत्या, टाळ्या वाजवत. पूल झाल्याचा आनंद त्यांना खराच होता.

हसलात ना? आता एक करा. ती बाई याच मंडपात येऊन बसली असती, आणि तुमच्याच रस्त्याचं, तुमच्याच धरणाचं खरं बोलून आली असती, तर तिच्या शेजारी सतरंजीवर कोण सरकून बसलं असतं? हात वर करू नका. डोळे मिटा, देवाचं नाव घ्या, आणि उत्तर त्यालाच सांगा.