लाईट गेली

—मारायचं असेल तर मार भो, पण आधी बस. त्या स्टुलावरची पंपाची मोटार खाली ठेव अन् बस. चहा नको? नको तर नको. फोटोत तू जाडा दिसायचा, संघपाल. तीन वर्षं ग्रुपवर रोज भांडलो आपण आणि भेटतोय आज, चोपड्यात, माझ्या जळालेल्या मोटारी भरायच्या दुकानात. पत्ता कोणी दिला? कोणी नाही? हां, बसस्टँडवर नुसतं लीलाधर म्हटलं तरी सांगतात — कोणता, तो जर्मनीवाला का? आणि हसतात. पाहिलं असशील तू.

हो, दोन वर्षं झाली. दोन वर्षांपासून मी इथं, आणि तुमच्या ‘खान्देश कट्टा, जर्मनी’वर मी अजून लाइपझिगमध्येच. ते घड्याळ बिघडलेलं नाही, मुद्दाम साडेतीन तास मागं ठेवलंय. इथं बाराला जेवून हात धुतले की तिथं सकाळ — मग मी लिहायचो, सुप्रभात मंडळी, ट्राममध्ये बसलोय. अरे, का म्हणजे? इथं बोलायला कोण आहे मला? तिथली माणसं — तू पहिल्यांदा उतरला, बॅग हरवली तुझी, तेव्हा कोणी जॅकेट आणलं, कोणी बूट, रोहिदासभाऊ तर दीडशे किलोमीटरवरून वरण-बट्टी घेऊन आला. आणि तीच माणसं दुसऱ्या दिवशी भरितावरून एकमेकांची आई-बहीण काढत होती! ओव्हनमध्ये भाजलं तर त्याला भरीत म्हणायचं का? मी म्हणायचो, कपाशीच्या काड्यांवर भाजलं नाही ते भरीतच नाही. तू काय लिहिलं होतं? ‘मग जा चोपड्याला, पऱ्हाट्या जाळत बस.’ मी चोपड्यातच होतो रे तेव्हा. पऱ्हाट्यांचा ढीग मागच्या दारी पडला होता.

आणि परवा त्याच भांडणात मेलो. दुपारचे तीन, मी तावातावानं टाईप करतोय, पंखा थांबला, आणि हातानं आपोआप लिहिलं — ‘थांबा, लाईट गेली, आली की बघतो एकेकाला.’ लाईट गेली! दहा वर्षांत लाइपझिगमध्ये हे शब्द एकदाही तोंडातून निघाले नव्हते. आणि वाचणारे कोण, सगळे आपलेच, भारनियमनात अभ्यास केलेले — त्यांना काय समजवायचं? हेमांगी अॅडमिन, तिनं एवढंच विचारलं, ‘दादा, जर्मनीत लाईट कधीपासून जायला लागली?’ आणि दहा मिनिटांत मला काढलं. नऊ वर्षं त्या कट्ट्यावर होतो मी. तिला घर शोधून दिलं, तिच्या नवऱ्याला दवाखान्यात नेलं. एक माणूस बोलला नाही, राहू द्या म्हणून. एक नाही!

असा बघू नको. मला कळतंय, तू भरितासाठी नाही आला. फेब्रुवारीत तू विचारलं होतं, ‘वडिलांना बरं नाही, सगळं सोडून साक्रीला जाऊ का?’ बाकीच्यांनी लिहिलं, ज्याचं त्यानं ठरवावं. मी एकट्यानं लिहिलं — ‘जाऊ नको. माझ्याकडे बघ, बारा वर्षं झाली, गेलो का परत?’ प्रत्येक गोष्टीत माझ्याशी भांडायचा तू, आणि नेमकं तेव्हाच ऐकलं! आणि वडील गेले. पुण्यानुमोदन झालं का पितांबर नानांचं? रविवारी? ... हं.

तुझं वाईट व्हावं म्हणून नव्हतं लिहिलं रे. माझे वडील, आबा, आत पडलेत. त्यांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी कोणाला विचारलं नाही, राजीनामा दिला आणि आलो. वाटलं, गळ्यात पडतील. त्यांनी पहिलं काय विचारलं? ‘परत कव्हय जाशी?’ अजून बॅग खाली ठेवली नव्हती मी, आणि परत कधी जातोस! गल्लीत सांगतात, पोरगा सुट्टीवर आलाय. दोन वर्षांची सुट्टी! तू विचारलं त्या दिवशी मी त्यांना वरण-भात भरवत होतो. घास थुंकला त्यांनी, म्हणाले, ‘बठ्ठं पानीमा गयं.’ सगळं पाण्यात गेलं म्हणे! हात धुतले, फोन उघडला, तर समोर तुझा प्रश्न. मी तुला उत्तर दिलंच नाही, भो. आबांना दिलं. शेवटी विचारत होते का नाना तुझं? ... राहू दे. नको सांगू.

काय? आबांना भेटून जातो? नको. नको म्हणतो ना! कोण, कुठला, ते विचारतील. तू सांगशील — मी जर्मनीत असतो, वडील गेले तेव्हा नव्हतो. आणि आबा काय करतील माहितीये? जो हात चालतो ना, तो तुझ्या डोक्यावर ठेवतील. म्हणतील, शाब्बास, शहाणा निघाला तू, आला नाही. मला हाक मारून दाखवतील तुला, हा बघ, सगळं सोडून आलेला, म्हणतील. तुला नाही ते सहन होणार. आणि मला — ऊठ. ऊठ रे, धुळ्याची गाडी लागली असेल. जा.