जूनमधला धूर

आग लावणाऱ्याचं नाव? नावाचं बघू हो, कापांब्वे साहेब, आधी बसा तर — लुसाकाहून एवढ्या धुळीतून आलात, मुन्कोयो घ्या, आईनं कालच मुळ्या कुटून केलंय, आंबूस आहे पण पोटाला थंड. हां, तो फोटो पाहिला मी. उपग्रहाला धूर दिसला, नाकारतंय कोण? ओढ्यापलीकडे, तातांच्या मधपेट्यांपाशी — म्हणजे तिथे सगळ्यांच्याच पेट्या टांगलेल्या आहेत, माझ्या वडिलांच्याच असं नाही. गवत जळलंय. नुसतं गवत! एक मेलेलं झाड दाखवा मला. पाऊस एप्रिलात सरतो, जूनमध्ये गवत अजून अर्धं ओलं असतं, आग घोट्याएवढी चालते आणि दव पडलं की आपली आपण विझते.

पण तुमचा करार काय म्हणतो — धूर दिसला की जंगलात साठलेला कार्बन गेला! लुसाकातून सोपंच दिसणार. आणि दोन वर्षांपूर्वी? करार पाळला ना आम्ही, काडी ओढली नाही कुणी. गवत वाळत गेलं, माणूस बुडेल एवढं झालं, आणि ऑक्टोबरात कुणी सिगारेट टाकली की वीज पडली, देव जाणे — आग शेंड्याला गेली, साहेब! आजोबांच्या आजोबांनी पाहिलेली झाडं, मशालीसारखी. जंगलरक्षक ना मी, टेप घेऊन खोडं मोजायला गेले नंतर — मोजू काय, कोळसा? आणि तुमच्या अहवालात शेरा काय? 'नैसर्गिक आपत्ती.' म्हणजे ऑक्टोबरात जंगल जळलं तर आपत्ती, आणि जूनमध्ये वाचवलं तर गुन्हा. वनशास्त्र शिकलेय मी कॉलेजात, हे गणित कुठल्या पुस्तकात आहे तेवढं सांगा.

मान कसली हलवताय? हलवून काय होणार?

माहितीये मला, माहितीये — एक नाव दिलं की त्या माणसाला जंगलबंदी, बाकी गाव करारात राहील, कराराच्या पैशांवरची दवाखान्यातली नर्स राहील. नाही दिलं तर सगळंच जाईल. ताता तर म्हणालेच, 'मुजिंगा, माझं नाव घाल, म्हाताऱ्याला काय फरक पडतो?' फरक पडतो! सकाळी पेट्यांखाली फेरी मारल्याशिवाय त्या माणसाला घास उतरत नाही. आणि त्यांनी केलेलंच नाही ते — पेटतं गवत घेऊन पळायला गुडघे कुठे राहिलेत त्यांचे? ओढ्याकाठी बसून नुसते ओरडत होते, वारा पडू दे, आता वरच्या अंगानं लाव, पोरी, एवढी घाई —

थांबा. ते लिहू नका. रक्षकाचाच हात असेल तर अख्खं गाव बाहेर — ते कलम मीच वाचून दाखवलं होतं सगळ्यांना, केवढ्या तोऱ्यात! मग काय करायचं होतं मी, साहेब? ऑक्टोबरची वाट बघायची होती? बोला की! आल्यापासून नाव, नाव — मिळालं ना आता?

ते बघा, ताता येतायत. कोट चढवलाय, म्हणजे तुमच्याशीच बोलायला. त्यांना काही विचारू नका, ते 'हो, मीच लावली' म्हणतील. उठा. गाडी काढा तुमची. अहो, पेला ठेवा तो तसाच — जा म्हणते ना!