मुलगी सज्ञान होईपर्यंत

मी मूळची पिंपरीची, वडील कंपनीत हेल्पर, आई बालवाडीत, आम्ही चार भावंडं आणि मी थोरली, म्हणून मग तोंडानं तिखट. नर्सिंग केलं, मिलिंदशी लग्न झालं. सासू-सासरे आधीच गेलेले, घरात आम्ही दोघंच, मग मित्रा झाली. संघमित्रा नाव आहे तिचं, पण इथे न्यूझीलंडमध्ये, टाकानिनीत, सगळे मित्राच म्हणतात. मिलिंद एसीचा मेकॅनिक, हात चांगला होता त्याचा, आखातात काम मिळालं म्हणून गेला, आणि मित्रा चार वर्षांची असताना तिकडेच मारला गेला. हे असं स्पष्ट सांगते ना तुम्हाला ताई, ते चौदा वर्षं मी माझ्या मुलीला सांगितलं नाही.

मारणारा कोणी परका नव्हता हो, दत्ता नावाचा, साताऱ्याकडचा, त्याच खोलीत राहणारा. आठ जण एका खोलीत. जेवताना तो मिलिंदला जातीवरून काहीतरी बोलला, मिलिंदनं उठून कानाखाली वाजवली, आणि त्यानं कोपऱ्यातला लोखंडी पाना उचलला. एकच घाव. ताटं तशीच होती म्हणे.

मी गेले होते तिकडे कोर्टात. आता आपल्याकडे कसं, खून झाला की खटला सरकारचा, आपण आपलं मागच्या बाकावर बसून रडायचं. तिकडचा कायदा इस्लामी, तिथे न्यायाधीश आपल्यालाच विचारतो. मेलेल्याच्या वारसांनी ठरवायचं. जिवाला जीव हवा, तर त्याला किसास म्हणतात. भरपाई घेऊन सोडायचं, तर ती दिया. नाहीतर नुसती माफी. न्यायाधीश म्हातारा, आवाज अगदी हळू, दुभाषा ते हिंदीत सांगत होता. त्यानं मला तीनदा विचारलं, आणि माफ करणं देवाला जास्त आवडतं, हेही सांगितलं. मी म्हटलं, किसास. तीनदा म्हटलं. मग तो म्हणाला, वारस दोघी आहात, तुम्ही आणि मुलगी, एकीनं जरी माफ केलं तरी याचा जीव वाचतो, आणि मुलगी लहान आहे, तिच्या वतीनं मला कुणाचं ऐकता येत नाही, ती सज्ञान होईपर्यंत थांबू. थांबू म्हणजे काय, तर तो तुरुंगात थांबणार, माझी मुलगी मोठी होण्याची वाट बघत.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? म्हटलं बसू दे, मोजू दे दिवस.

नंतर परीक्षा दिल्या, न्यूझीलंडला आले, हॉस्पिटलात लागले, मित्रा इथेच वाढली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. बाबांचं विचारलं की मी सांगायची, साइटवर अपघात झाला. दर रविवारी आपली मंडळी कुणाच्या तरी घरी वंदनेला जमतात, त्यात पंचशील म्हणताना पहिलंच शील जीवहत्येचं, तिथे माझे ओठ हलायचे पण आवाज निघायचा नाही. आणि मित्राचा वाढदिवस आला, की केक कापताना, सगळे हॅपी बर्थडे म्हणत असताना, मला तो दिसायचा. मी मनात म्हणायची, सात झाली रे दत्ता. अकरा झाली. सोळा झाली. काय सांगू तुम्हाला, लेकीचं वय मी त्याच्यासाठी मोजत होते, असा कुठल्या आईनं वाढदिवस केला असेल?

या वर्षी अठराव्याला दोन महिने होते, तेव्हा संध्याकाळी तिकडच्या वकिलाचा फोन आला. म्हणाला, मॅडम, बेटी का बयान लगेगा. मी ड्यूटीवरून आले होते, युनिफॉर्म अंगावर तसाच. मित्रा समोर टोस्ट खात बसलेली. मी फोन ठेवला आणि तिला सगळं सांगितलं, पान्यासकट.

ती रडली नाही ताई. रडली असती तर मला कळलं असतं काय करायचं ते. तिनं टोस्ट संपवला, म्हणाली, सो ही इज वेटिंग फॉर मी. मी म्हटलं, हो. मग रोज एकेक प्रश्न. भाजी चिरताना, गाडीत, डेअरीवर दूध घेताना. तिकडे कसं करतात? त्याला आधी सांगतात का? एकदा गाडी पार्क करताना विचारलं, आपल्याला तिथे जाता येतं का, बघायला? हे विचारलं आणि गाडी नीट दोन रेघांच्या मधोमध लावली, उतरली.

मला वाटलं पोर घाबरलीय, माणसाच्या मरणाचा कागद हिच्यापुढे येणार, आणि तो मीच आणलाय. कारण हे टाळणं माझ्या हातात होतं, आजही होतं, पहिल्या दिवसापासून होतं. मी माफ केलं की तिला कोणी विचारणारच नाही. वाढदिवसाला तीन दिवस होते. मी सुट्टी काढली, शेजारच्या पापाकुराला नोटरीकडे गेले, वकिलानं पाठवलेल्या कागदावर सही केली. तो गोरा म्हातारा म्हणाला, तुम्ही हे स्वखुशीनं करताय ना? मी यस म्हटलं. खुशी कसली! मी त्या माणसाला माफ केलेलं नाही, आजही नाही. मी फक्त सही केली.

घरी येऊन मित्राला म्हटलं, सुटलीस तू, तुला आता काही म्हणावं लागणार नाही. तिनं मग विचारलं, व्हाय डिड यू डू दॅट? मी म्हटलं, तुझ्यासाठी. ती म्हणाली, मी माफ करणार नव्हते. मग विचारलं, हे परत घेता येतं का? मी म्हटलं नाही, एकदा दिलं की दिलं. ओके म्हणाली, जॅंडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घातल्या आणि बाहेर गेली. आणि मी तिथेच उभी. अहो, तिचा आवाज किती हळू होता, माझ्यासारखी ती ओरडलीसुद्धा नाही.

फाशी टळली. अजून काही वर्षं तुरुंगात ठेवतील, मग सोडतील. मित्रा इथेच असते, कॉलेजला जाते, मला चहा करून देते. त्या विषयावर बोलत नाही. पण तो कधी सुटणार, हे तिनं वकिलाला ईमेल करून विचारलंय. मला वकिलाकडूनच कळलं.

गेल्या आठवड्यात दत्ताच्या बायकोचा फोन आला, आयुष्यात पहिल्यांदा. तिला कुणी सांगितलं देव जाणे, पण तिचा समज असा, की मुलगी सज्ञान झाली आणि मुलीनं माफ केलं. रडत होती नुसती. म्हणाली, ताई, तुमच्या लेकीच्या पोटात केवढी माया हो, माझं आयुष्य तिला लागू दे, कुणाचं वाईट तिच्या हातून कधी होऊ नये. मी पोळ्या करत होते, हाताला पीठ, म्हणून फोन स्पीकरवर होता. मित्रा शेजारीच भांडी पुसत उभी होती. मी त्या बाईला खरं सांगितलं नाही. म्हटलं, असू दे, लागू दे तुमचा आशीर्वाद तिला. लागू दे बाई, लागू दे.