हवेतून येते म्हणे!

...नाही, तुम्हीच सांगा नं, नळाचं पाणी पाइपातून येते, लाइट तारेतून येते, मंग मोबाईलमधलं सामान लॅपटॉपमध्ये हवेतून काहून यावं? काही खांब नाही, तार नाही, काही धरायले नाही! पण आमच्या घरी वायरचं नाव काढलं का पोट्टी माह्याकडं असं पाहते, जसा मी बैलबंडी घेऊन विमानतळावर गेलो. "बाबा, वायर कोण लावते आता? सगळं हवेतून येते." हवेतून येते म्हणे!

तुम्हाले पहिल्यापासून सांगतो. मी रविंद्र, लकडगंजात प्लायवूडचं दुकान आहे माह्यं. पोट्टी म्हणजे पायल, माही एकुलती एक. तिले झाली पोरगी! पहिली नात, बावा! नाकाचा शेंडा माह्यावर गेला, बाकी सगळी गोड आहे. नामकरण ठरलं रविवारचं, आमच्याच घरी. आता आमच्या घरच्या नामकरणाची एक रीत आहे. पाळणा म्हणते माही आई, अंजनाबाई. तो पाळणा तिचाच, तिनंच जोडला, कुठं लिहिला नाही, आणि घरात जे लेकरू आलं त्याच्या नावाचं कडवं ती दोरी हातात धरूनच जोडते. माह्या नावाचं आहे, पायलच्या नावाचं आहे. दाखल्यावर नाव लागो का न लागो, आईच्या कडव्यात बसलं म्हणजे नाव पक्कं!

आणि मागच्या वर्षी आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. माय वाचली, त्या डॉक्टरले मी आजही मनातल्या मनात हात जोडतो... पण आवाज गेला नं! आता बोलते ते कानाशी तोंड आणून, फुसफुस. दुरून बोलवायचं असलं का टाळी वाजवते. हळू टाळी म्हणजे इकडं ये, जोरात टाळी म्हणजे तुले ऐकू येते का नाही रे?

मंग पाळण्याचं काय? तर पाळणा होता! माह्या जुन्या मोबाईलमध्ये! खाप्याले, आमच्या गावी, माह्या चुलतभावाच्या, संघपालच्या, पोराचं नामकरण झालं तेव्हा आईचा पाळणा मी आख्खा रेकॉर्ड केला होता. आईचा गाता आवाज जगात तेवढाच उरला, आणि तो कुठं? तर अशा मोबाईलमध्ये का जो जिन्यावरून पडला, ज्याचा स्पीकर मुका, खालची अर्धी स्क्रीन मेलेली, आणि चार्जरवरून काढला का लगेच डोळे मिटते! म्हणजे गाणं यादीत दिसते, पण ऐकू येत नाही. सांगा, किती जीव तुटत असन?

आमचे जवाईबापू, धम्मदीप, मिहानमध्ये कंप्युटरच्या कंपनीत आहेत. लय शांत माणूस. घराले आग लागली तरी म्हणतीन, "बाबा, पहिले रीस्टार्ट करून पाहू." ते म्हणाले, "बाबा, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. वायरलेस सिंक करतो, चहा होईपर्यंत लॅपटॉपमध्ये येते." मी म्हटलं, वायर लावून पाहता का? पायल म्हणते, "बाबा, पुन्हा वायर?" बरं, हवेतून येते म्हणे! येऊ द्या.

चहा झाला. पोहे झाले. मोबाईल म्हणते, वायफायचा पासवर्ड टाका. टाका नं! पण कीबोर्ड कुठं येते? खालच्या अर्ध्यात! आणि खालचा अर्धा तर मेलेला! धम्मदीप बोटानं टोचून राहिले, पायल आडवा करून राहिली, मी उलटा करून पाहिला, तर तो कीबोर्डही माह्यासोबत उलटा होऊन पुन्हा खालीच! कोणत्याही बाजूनं धरा, कीबोर्ड बरोबर मेलेल्या जागीच जाऊन बसते!

मंग म्हणे ब्लूटूथ. लागलं! खरंच लागलं! मी टाळ्या वाजवल्या, तर आई आतून धावत आली, तिले वाटलं तिलेच बोलावलं. आणि तेवढ्यात शेजारच्या गॅलरीतून शालिकराम भाऊ ओरडले, "अहो रविंद्र भाऊ, माह्या टीव्हीवर तुमच्या मोबाईलचं नाव काहून येऊन राहिलं गा? मी मॅच पाहून राहिलो नं!" म्हणजे आमचा लॅपटॉप टेबलावर, मोबाईलच्या बाजूले, हातभर अंतरावर, त्याले नाही सापडला आणि भिंतीपलीकडचा शालिकराम सापडला! हवेतून जाते, हे कबूल. पण कोणाच्या घरी जाते, ते हवा ठरवते का?

तिकून आई पाहून राहिली. तिनं त्या मोबाईलवरून पदर फिरवला, लेकराचं तोंड पुसावं तसा. मी म्हटलं, बस झाली हवा. आता वायर!

घरात वायरी किती निघाव्या? ड्रॉव्हरमध्ये वायरी, गाडीत वायरी, पायलच्या पर्समध्ये वायरी. एक लावली, मोबाईल चार्ज होऊन राहिला, पण लॅपटॉपले दिसत नाही. दुसरी लावली, चार्ज. तिसरी, चार्ज. धम्मदीप म्हणाले, "बाबा, या निस्त्या चार्जिंगच्या आहेत, यातून डेटा जात नाही." घ्या! मी गेलो धावत चौकात, घेऊन आलो नवी कोरी. चार्ज! पोट भरते, बोलत नाही, अशी वायर काहून बनवते गा कोणी?

मी सोफ्यावर बसलो, डोकं धरून. आणि तुम्हाले सांगतो, तेव्हा स्वयंपाकघरातून आली माही बायको, नंदिनी. हाताले पीठ. म्हणते, "अहो, त्या मोबाईलसोबत डब्यात जे पांढरी वायर आली होती, ते चालन का?" मी म्हटलं, "अवं, ते कुठं आहे?" तर म्हणते, "कुठं म्हणजे? कुरड्याच्या पिशवीले बांधली नं! दोरीची गाठ सुटते, तिची नाही सुटत."

आता नंदिनी काय काय ठेवते, ते विचारूच नका. मिठाईच्या डब्याची रिबीन, फुटक्या छत्रीची काडी, बरणी गेली तरी झाकण... मी रोज कटकट करतो, का आपण घरात राहून राहिलो का गोदामात? त्याच बाईनं ते वायर जपली होती! स्टूल आणलं, कपाटावरून कुरड्याची पिशवी खाली उतरवली. गाठ अशी घट्ट का मी दातानं सोडली, तोंडात कुरड्याची चव आली. पुसली, शर्टाले पुसली, लावली... आणि लॅपटॉप म्हणते, "टुंग!"

आहाहा! काय आवाज आहे हो तो! धम्मदीपनं मोबाईलच्या स्क्रीनच्या वरच्या भागातलं परवानगीचं बटन दाबलं, बटन वर आलं हे आमचं नशीब, आणि हिरवी पट्टी सरसर सरकत गेली. हजारभर गुड मॉर्निंगच्या फुलांमधून आईचा पाळणा काढला. लावला. पहिले कोंबडी ओरडली, मंग कोणीतरी म्हणालं, "चहात साखर टाकली का वं?" आणि मंग... आई! खणखणीत! गळ्यातून नाही, पोटातून!

ऐकता ऐकता आईनं तोंडावर हात ठेवला. पायल रडून राहिली, जवाईबापू चष्मा पुसून राहिले. मी नंदिनीले म्हटलं, "तुह्ये उपकार कसे फेडू वं?" ती म्हणते, "ते नंतर फेडा. पहिले त्या पिशवीले काही बांधा, कुरड्या सादळतीन."

तर रविवार आला. वायर मी शर्टाच्या खिशात ठेवली, जिवापाड, कोणी नेईन म्हणून. पाहुणे आले, वंदना झाली, आता पाळणा. आणि पाळणा कोणता? जवाईबापूंनी खास मागवलेला, ऑटोमॅटिक! मोबाईलच्या ॲपवर हालते! मी म्हटलं, दोरी कुठं आहे? तर पायल म्हणते, "बाबा, दोरी कायले? सिग्नल येते नं..." कुठून? हवेतून येते म्हणे!

लॅपटॉपवर आईचा आवाज सुरू झाला. पाळणा जागचा हालत नाही. ॲप म्हणते शोधून राहिलो. धम्मदीप म्हणतात रीस्टार्ट करतो. पोरीनं जो सूर लावला, आख्खा मजला गोळा झाला. आणि तेवढ्यात टाळी वाजली. जोरात.

आईनं मले बोलावलं, माह्या खिशात हात घातला, वायर काढली, पाळण्याले बांधली, दुसरं टोक हातात धरलं आणि ओढली... पाळणा हालला! लॅपटॉपमधली आई गाऊन राहिली आणि इकडची आई ओढून राहिली. रेकॉर्डिंग संपलं तरी ती थांबली नाही. वाकली, पोरीच्या कानाशी तोंड नेलं, आणि ओठ हालून राहिले तिचे. नव्या नावाचं कडवं होतं ते. आम्हाले कोणालेच ऐकू नाही आलं. पण पोरगी रडायची थांबली, आणि आजीच्याही वरच्या त्या आजीकडं पाहतच राहिली. बस, नाव पक्कं झालं! याच्यापेक्षा माणसाले अजून काय पाहिजे हो?

आता तुम्ही विचारसान, नामकरणाचे फोटो कुठं आहेत? काढले नं, मीच काढले, माह्या नव्या मोबाईलवर! पिनही तीच लागते, वायर लावली का लॅपटॉपमध्ये आलेच समजा. पण वायर पाळण्याले! सोडायले गेलो का नात डोळे उघडते, आई टाळी वाजवते, आणि नंदिनी म्हणते, "त्या गाठीले हात तर लावून पाहा!" खाप्यावरून रोज संघपालचा फोन, "दादा, फोटो कुठं आहेत गा?" काय सांगू त्याले? सांगतो, येऊन राहिले बावा... हवेतून.