मंदामावशींची पडवी

सर्व अरिहंतांना वंदन. इथे जमलेल्या प्रत्येकाच्या इष्टदेवतेलाही वंदन. त्यांच्या कृपेने चार शब्द नीट उमटावेत, एवढीच प्रार्थना.

बंधूंनो, भगिनींनो, आणि मंदामावशींच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या लेकरांनो, आयुष्यभर मी जैन स्थानकात बसून शास्त्रे वाचली. मृत्यूवर पुष्कळ बोललो. पण आज समोर शेजारणीचाच हार घातलेला फोटो आहे. सांभाळून घ्यावे.

मंदामावशी मूळच्या आंबेगावच्या पश्चिम डोंगरातल्या, भात-नाचणी पिकवणाऱ्या घरातल्या. लग्न होऊन नारायणगावात आल्या आणि पुढे ह्याच घरात त्यांनी पाळणाघर चालवले. कुणाची आई बाजारात टोमॅटो निवडते, कुणाची बँकेत बसते, कुणी रोज एसटीने जुन्नरला शिकवायला जाते. त्या सगळ्यांची लेकरे मावशींच्या ओसरीवर रांगली. आमचा पणतू विहानही त्यांतलाच.

त्यांच्या प्रेमाविषयी इतर बोलतील. मला बोलायचे आहे ते अशा कामाविषयी, ज्याचे नाव शोकसभेत कोणी काढत नाही. लेकरांना शी-शू सांगायला शिकवणे. संकोच कशाचा? शौच हा आमच्या दहा धर्मांतला एक धर्म आहे. शास्त्रकार त्याचा अर्थ मनाच्या निर्मळतेपर्यंत नेतात. पण माणूस त्या वाटेवर पहिले पाऊल टाकतो, तेव्हा त्याचा हात कोणी धरलेला असतो? आईने. किंवा अशा एखाद्या मावशीने.

मागच्या पडवीत रंगीत पॉट ओळीने मांडलेले असत. दूध पिऊन झाले की मुले त्यांवर बसत. मावशी समोर पाट घेऊन मेथी निवडत गप्पा मारत. एकदा मी विहानला न्यायला आलो. मला घाई होती.

मावशी म्हणाल्या, "शेटजी, जरा थांबा. सायेब मीटिंगमधी हायेत."

आतून विहान ओरडला, "शेटजी, थांबा!"

मी म्हणालो, "अहो, दटावा की त्याला जरा."

त्यावर मावशी जे बोलल्या ते तसेच सांगतो, सभेने क्षमा करावी. "दटावायचं न्हाई. भ्यालं की लेकरू धरून ठिवतंय, मंग पोट दुखतंय. हगणं काय गुन्हा हाय व्हय?"

कधी किळस नाही. कधी धाक नाही. लेकराने पहिल्यांदा आपणहून सांगितले, तर संध्याकाळी त्याच्या आईला ती बातमी मावशी देत नसत. "त्याची बातमी हाय, त्येच सांगंल." आणि दमून आलेल्या आईच्या पायाला मिठी मारून ते लेकरू सांगे. एक गोष्ट मात्र त्या निक्षून बजावत, कारण लहान मूल कुठेही बसते. तुळशीपुढे बसते, देव्हाऱ्यापुढेही बसते. "दिवा असंल तितं न्हाई हं. तितं देव असतो."

मंडळी, मावशींना जाऊन दोन महिने होत आले. छातीत दुखण्याचे निमित्त झाले. तेरावे झाले आणि सूनबाई शोभाने धीर करून पाळणाघर पुन्हा उघडले. सासूबाई सदा पडवीत बसत, म्हणून तिने त्यांचा फोटो तिथेच लावला. हार घातला. अखंड दिवा ठेवला. आपण सगळ्यांनी तिचे कौतुक केले. मीही केले.

आणि मुलांनी पडवीत बसणे सोडले.

चड्ड्या ओल्या होऊ लागल्या. शिकलेली मुले विसरली, असे आपण म्हणालो. कुणी रागावले, कुणी चापट मारली. छोटी आरोही तर दिवस दिवस धरून ठेवू लागली. पोट फुगले, तिला दवाखान्यात न्यावे लागले. तिची आई कविता इथे बसली आहे, तिला विचारूनच सांगतो. ती मला म्हणाली, "शेटजी, मी टमाट्याचं काम सोडते. पोरीला घेऊन घरी बसते. दुसरं काय करू?"

परवा मी आरोहीला जवळ बसवले. विचारले, "बेटा, पडवीत का जात नाहीस?"

ती हळूच म्हणाली, "तितं मावशी देव झालीय. दिवा हाय."

बंधूंनो, काय बोलावे? हे लेकरू काही विसरले नव्हते. मावशींचा शब्द पाळण्यासाठी ते पोटातली कळ सोसत होते.

मी शोभाला म्हणालो, फोटो तिथून काढ. ती रडू लागली. "शेटजी, लोक म्हणतील, सासू गेली आन् सुनेनं फोटूबी हलवला." लोक म्हणजे कोण? आपणच. म्हणून भर सभेत विचारतो. असे म्हणणारे इथे कोणी आहे का?

कोणीही नाही. ऐकलेस ना, शोभा? फोटो समोरच्या खोलीत लाव. पडवी लेकरांना परत दे. त्यात सासूचा अवमान नाही. देवाला हलवण्याचे पाप लागलेच, तर ते ह्या म्हाताऱ्याच्या माथी. कविता, पोरी, काम सोडू नकोस. आणि मातांनो, ओली चड्डी पाहून हात उगारू नका. सुतक कसे पाळायचे ते आपल्याला ठाऊक असते. लेकरांना कोण सांगणार?

आता आपण उभे राहून मौन पाळू. सभेसाठी फोटो आणि दिवा इथे अंगणात आणले आहेत, पडवी मोकळी आहे. ह्या मौनात एखादे लेकरू "शू आली" म्हणाले, तर त्याला गप्प करू नका. तसेच उठून त्याला आत न्यावे. मौन मोडले असे कोणीही मानू नये.

सर्व लेकरे निर्भय असोत. त्यांना सांभाळणारे हात निरोगी असोत. इथे आलेल्या आणि हे शब्द ज्याच्यापर्यंत पोहोचतील त्या प्रत्येक जिवाचे कल्याण असो.

उभे राहावे.