पहिला वार कोणाचा?

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, मानसशास्त्र विभागातील माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांच्यासाठी आपण सगळे जमलो त्या आमच्या संशोधनपद्धतीच्या बाई,

निरोपाच्या भाषणात गोड बोलायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण बाईंनीच शिकवलंय, एखाद्याचं सगळंच चांगलं दिसायला लागलं की आधी स्वतःचा चष्मा तपासा. तेव्हा मी आज मारामारीबद्दल बोलणार आहे. अध्यक्षांनी दचकू नये!

मी बाईंच्या हाताखाली संशोधन करत होते तेव्हाची गोष्ट. तुरुंगातल्या भांडणांच्या क्लिप्स पाहायच्या आणि पहिला वार कोणाचा ते नोंदवायचं. कोणत्या कैद्याला वर्षानुवर्षं एकट्याला कोंडायचं, हे त्यावरून ठरणार होतं. चेहरे झाकलेले. दोघा निरीक्षकांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसायचं, एकमेकांना विचारायचं नाही. आणि बाईंचा कडक नियम: कोणी ओळखीचा वाटला, तर त्याच्या सगळ्या क्लिप्स परत करायच्या.

तिसऱ्याच दिवशी पडद्यावर एक जण लंगडत आला. चेहरा झाकला म्हणून काय झालं? ती चाल मी कोर्टात आठ महिने पाहिली होती. माझ्या दादाचा जबडा लोखंडी गजाने फोडणारा तोच! दादा कित्येक महिने नळीने जेवला, अजून त्याचं अर्धं तोंड उघडत नाही. क्लिप्स परत करू? मी? छे! मी खुर्ची पुढे ओढली.

नऊ महिन्यांत त्याच्या अकरा क्लिप्स आल्या. अकराही वेळा मी लिहिलं, पहिला वार लंगडणाऱ्याचा. एका क्लिपमध्ये बाकीचे कैदी त्याचं डोकं बेसिनच्या कडेवर आपटत होते. दोन दात पडले, पाणी लाल झालं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पुन्हा मागे घेऊन पाहिलं.

दुसरा निरीक्षक म्हणजे आमचा बुटका, तो बघा, माईकच्या वायरीशी झटापट करतोय. त्याने अकरापैकी दोनदाच तसं लिहिलं होतं. बाईंनी मला बोलावलं. "अकरापैकी अकरा? अगं, माणूस आहे की घड्याळ?" मग बेसिनची क्लिप थांबवत थांबवत दाखवली. तिघांनी त्याला मागून धरलं होतं. त्याचे हात टॉवेलात गुंडाळलेले होते.

"ओळखतेस ना याला?"

मी टेबलावरचा काचेचा पेपरवेट भिंतीवर फेकला. काच फुटली, तुकडा बाईंच्या गालाला लागला. मी ओरडत होते, दादाचं सगळं सांगत होते. बाईंनी रुमालाने रक्त टिपलं. म्हणाल्या, "राग खरा आहे गं तुझा. नोंद खोटी आहे."

माझं नऊ महिन्यांचं काम बाद झालं. अहवालात बाईंनी माझ्याच हाताने लिहवून घेतलं, की पहिल्या निरीक्षकाने ओळख लपवली. त्या माणसाला कोंडलं नाही. घरी दादाने ताट माझ्या अंगावर भिरकावलं. "बहीण म्हणायची लाज वाटते!" चार वर्षं तो बोलला नाही, आता जेमतेम बोलतो.

परवा मी हे भाषण त्याला वाचून दाखवायला गेले. कोणाबद्दल सांगायचं तर त्याची परवानगी हवी, हाही बाईंचाच नियम. त्याने सगळं ऐकलं. मग वाकड्या तोंडाने म्हणाला, "कोर्टात मी खोटं सांगितलं. घरी कोणी विचारलंच नाही. तूही नाही."

म्हणून मी विचारलं. दादा, पहिला वार कोणाचा?

"गज माझा होता," तो म्हणाला. "आधी मीच घातला त्याच्या पायावर. मग त्याने हिसकावला. तो लंगडतो ना, तो तेव्हापासून."

हेही सांग, असं दादानेच मला बजावलं. तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचे आभार, आयोजकांचे आभार, तुम्ही शांतपणे ऐकलंत त्याबद्दल तुमचेही. आणि बाई, बोलण्यात काही चुकलं असेल तर पोटात घालू नका. नेहमीसारखी लाल पेनाने खूण करा. मी पुन्हा पाहीन.