माय, आयकू येते का

मी सुमन. जात आमची ढिवराची, माहेर सिंदेवाहीकडच्या एका तलावाच्या काठावरचं. काय सांगू तुमाले ताई, लहानपणी मले वाटे का साऱ्या जगाच्या अंगाले ओल्या जाळ्याचाच वास येते, आन् सकाळ म्हणजे पाण्यावर बाबाच्या डोंग्याचा आवाज. दहावी झाल्यावर मामानं मले घुग्घुसले नेलं. मामा कोळशाच्या खाणीत शिफ्टले जाये, आन् मामी दोरीवरचं लुगडं झटके तवा त्यातून काळी भुकटी उडे. तिथून बसनं मी चंद्रपूरले कॉम्प्युटरच्या क्लासले जावो. आमचे सर म्हणत, पोरींनो, चित्रं दिसतात तवरी कोणीही चालवते, पडदा काळा झाल्यावर मशीन काय म्हणून राह्यली हे समजलं पाह्यजे. म्हून त्यायनं आमच्याकडून काळ्या पडद्यावरचे हुकूम, म्हणजे कमांड, पाठ करून घेतले, शाळेत पाढे घेत तसे. कधी कामी येतीन असं मले वाटलं नव्हतं.

मंग लग्न होऊन मी इथी धानोऱ्याले आली. आमच्या यायचं नाव मंगेश. ते जिते होते तवा मी कधी नाव घेतलं नाई, आता घेते, आता कोण हासन. मंगेश म्हणजे नाटकाचा माणूस. धान कापणं झालं का इकडं गावोगाव मंडपात नाटकं होतात, तुमाले माहीतच असन, त्यात हे दरवर्षी कोणाचा तरी गडी नाई तं हवालदार होत, हिरो कधी झाले नाई, पण पडद्यामागून गायाचं असलं का लोक यायलेच बोलवत. गळा असा का आयकणाऱ्याच्या पायाखालची जमीन ओली व्हावी. दिवसा नदीवर जाळं, आन् मी आल्यावर घराच्या समोरच्या खोलीत आमचं टायपिंगचं दुकान. कॉम्प्युटर जुना आणला होता, डबा पिवळा पडलेला. अर्ज टाइप करावं, नाटकाची पत्रकं काढावं. मंगेशच्या बोटाले मासोळीचा वास राहे, म्हून की-बोर्डालेही राहे. मी चिडो. ते म्हणत, गिऱ्हाइकाले फुकटात मासोळीचा वास भेटते, तुह्यं काय जाते.

एक दिवस त्यायनं गडचिरोलीवरून माइक आणला, लहानसा, बोटाएवढा. दुपार होती. आत्याबाई, म्हणजे माह्या सासूबाई, मांघं चुलीपाशी मासोळ्या साफ करून राह्यल्या होत्या. मी रेकॉर्डिंग सुरू केलं, आन् यायले वाटलं माइक खरंच चालते का नाई, म्हून ते जोरात म्हणाले, माय, आयकू येते का? आन् तिकून आत्याबाई, काऊन नाई येन, कानात बोंबलून राह्यलास, मी का बहिरी आहो का? आमी दोघं हासलो. मंग मंगेशनं गाणं म्हटलं, जाळं वढताना गडी म्हणतात ते, पहिले हळू आन् जाळं काठाले येते तसं चढत जाणारं. ते सारंच मशीनमंदी भरल्या गेलं. प्रश्न, आत्याबाईचं बोलणं, हासणं, गाणं, आन् मांघं कोंबडीही.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मंगेशले ताप आला. डोक्यात गेलेला मलेरिया, असं मंग डॉक्टर म्हणाले. नाल्याले पूर होता, दवाखान्याची गाडी पल्याड उभी, आमी यायले खाटेवर घेऊन अल्याडच. पाणी उतरलं, पण त्याच्या आंधी मंगेश गेले. याच्यावर मी जास्त बोलत नाई ताई. मले त्या पुराचा आवाज अजून येते, तेवढं लिवा.

आमच्यात माणूस गेलं का त्या जागेवर दिवा ठेवतात. तो फुंकर मारून विझवाचा नाई. तेल सरते, वात सरते, मंग तो त्याच्या मनानं विझते. तेरवी झाली, दिवा विझला, लोक आपापल्या घरी गेले. मी दुकान उघडलं, कोणाचा तरी अर्ज होता, आन् हात कसा गेला देव जाणे, ते रेकॉर्डिंग लागलं. माय, आयकू येते का? आत्याबाई मांघून धावत आल्या, हाताले खवले चिकटलेले, आन् दारात खांबासारख्या उभ्या राह्यल्या. गाणं सरलं. मी मशीन बंद कराले गेली तं त्यायनं माहा हात धरला. काऊन विझवतस पोरी? राहू दे. त्याच्या मनानं विझन.

तवापासून रोज दिवाबत्तीच्या टायमाले आत्याबाई डब्यासमोर चटई टाकून बसत. मी रेकॉर्डिंग लावो, त्या आयकत, आन् मशीन तशीच चालू राहे, वात जळावी तशी. आमच्याकडं लाइन काय, कधीही जाते. लाइन गेली का पडदा विझे, आन् आत्याबाई हात जोडत, म्हणत, गेला आपल्या मनानं. मी सांगून पाह्यलं, आत्याबाई, मशीन अशी मरू देत नसतात, तिले पहिले सारं आवरू द्या लागते, नाई तं आतली चकती, ते हार्ड डिस्क म्हणतात ती, खराब होते. त्या म्हणाल्या, मशीनले मशीनचा कायदा असन, माह्या लेकाले माह्या घरचा. लेकाच्या तोंडासमोर दिवा विझव, असं कोण्या मायले म्हणावं?

उन्हाळ्यात मोहाची फुलं पडून राह्यली होती, साऱ्या गल्लीत तो गोड, जड वास, आन् त्या सकाळी मशीन लागली नाई. निळा पडदा आला, पांढरी अक्षरं आली, आन् ती पुन्हा पुन्हा आपली आपणच सुरू होऊन पुन्हा निळी पडे. डब्याले कान लावला तं आतून टक, टक, पाल बोलते तसं. आत्याबाईनं इचारलं, का झालं? मी म्हटलं, बिमार आहे. हा शब्द तोंडून गेला आन् त्या भिताडाले टेकून बसल्या.

नागपूरले अशा चकतीतून सारं काढून देणारे लोक आहेत, असं मी आयकलं होतं. मी म्हटलं, नेते. आत्याबाई डब्यावर हात ठेवून बसल्या. एकदा त्याले खाटेवर घालून घराबाहेर काढलं, पोरी, आता नाई काढू देत. मंग मी ठरवलं, जे कराचं ते इथीच, माह्याच हातानं.

सिस्टिमची सीडी टाकली. रिपेअरसाठी आरचं बटन दाबलं. काळा पडदा आला, आन् मले चंद्रपूरची ती खोली आठवली, सरांचा आवाज आठवला. पासवर्ड मांगितला, तो आमी ठेवलाच नव्हता, घराले तरी कुलूप कुठी होतं. आत काय काय आहे ते पाहाचा हुकूम देला, तं मशीन म्हणे, वाचता येत नाई. गाणं ठेवलेल्या फोल्डरात जाऊन पाह्यलं, तं म्हणे, परवानगी नाई. आपल्याच घरात, आपल्याच माणसापाशी जाले परवानगी नाई, ताई. तिथून काही काढून घेता येत नव्हतं. पुढचा हुकूम एकच, चेकडिस्क, आन् त्याच्या मांघं तिरपी रेघ आन् आर. चकतीचा कोपरा न् कोपरा तपास, जे मोडलं ते जोड. पण सरांनी हेही सांगतलं होतं का चकती लई थकली असली तं जोडता जोडता ती काही तुकडे टाकून देते, आन् कोणते टाकन हे कोणाच्या हातात नसते.

मी आत्याबाईले तसंच सांगतलं. म्हटलं, उठन, पण सारा उठन का नाई, ते माहीत नाई. त्यायनं डब्यावरचा हात काढला. मंग म्हणाल्या, उठव.

मी बटन दाबलं. पडद्यावरचा टक्क्याचा आकडा चढे, मंग मांघं ये, पुन्हा चढे, जाळ्यात मोठा मासा असला का दोर देते आन् वढून घेते तसा. आत टक टक. बाहेर ऊन तापलं, मोहाचा वास आंबट झाला, आन् मी सारं देवावर सोडून एकच गोष्ट मांगत होती का लाइन जाऊ नोको. लाइन गेली नाई. तेवढं दान भेटलं. मंग मशीन पुन्हा लागावी म्हून फिक्सबूट हा दुसरा हुकूम देला, काळ्या पडद्यातून बाहेर पडली, सीडी काढली. मशीन लागली. चित्रं आली, सारी जागच्या जागी, अर्ज आले, नाटकाची पत्रकं आली. आत्याबाई पदरानं तोंड पुसून चटईवर बसल्या, नवरदेव दारी याचा असावा तशा सावरून.

मी रेकॉर्डिंग लावलं.

माय, आयकू येते का?

आन् त्याच्यापुढं काही नाई. खरखर, पावसाची सर पत्र्यावर पडते तशी, आन् मंग तेही नाई. आत्याबाईचं बोलणं गेलं, हासणं गेलं, गाणं गेलं. मशीननं फाउंड नावाचं एक फोल्डर करून ठेवलं होतं, फाउंड म्हणजे सापडलं, त्यात तुकडेच तुकडे, नाव नसलेले, नंबर घातलेले. मी एक एक उघडून पाह्यला. एकातही आवाज नव्हता.

मी मांघं वळून पाहाले भेत होती. आत्याबाईनं पदर नीट केला, पडद्याकडं पाह्यलं, आन् अशा आवाजात बोलल्या जसा लेकरू झोपेतून दचकून उठलं का मायचा येते. येते रे राजा. येते आयकू. बोल ना.

त्याच्यानंतर आत्याबाई चार पावसाळे राह्यल्या. रोज मंगेश इचारत, रोज त्या सांगत. गाणं कुठी गेलं हे त्यायनं एकदाही इचारलं नाई, आन् काऊन गेलं हे मी सांगतलं नाई. फक्त त्या दिवसापासून मी मशीन बंद कराले उठली का त्या माहा हात धरत नव्हत्या, तोंड भिताडाकडं करून घेत. काय समजलं असन, काय नाई, आता कोणाले इचारू. त्या गेल्या तवा त्यायच्या जागेवर मी दिवा ठेवला, आन् विझेवरी तिथंच बसून राह्यली.

आता दुकानात नवीन मशीनी आहेत, पोरी शिकाले येतात, मी त्यायले काळ्या पडद्याचे हुकूम शिकवते. जुना पिवळा डबा कोपऱ्यात आहे, चालते अजून. पोरी गेल्या, केर झाला, दिवाबत्ती झाली का मी तो लावते. मंगेश इचारतात, माय, आयकू येते का? माय तं नाई आता घरात. मंग मीच म्हणते, येते.

आन् माह्या हातानं नीट बंद करते. उद्या पुन्हा लागाले पाह्यजे ना, ताई.